आणेली पिवळी का झाली? युद्धकाळातली पर्यायी धातूंची नाणी घरच्या घरी कशी ओळखावीत

आमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला आणि ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या बिऱ्हाडांचे माळे रिकामे व्हायला लागले. एका दुपारी शेजारच्या काकू हळदीचा पितळी डबा घेऊन दारात उभ्या. "बघ रे, यात सोन्याचं काही निघतंय का. सासूबाई म्हणायच्या, पिवळी चवली जपून ठेव."

वर्तमानपत्रावर डबा ओतला. सुतळीत ओवलेले अकरा भोकाचे पैसे, कंगोरेदार आणेल्या (एका आण्याच्या), सहा चौकोनी पिवळ्या चवल्या (दोन आण्यांच्या), दोन-तीन पांढऱ्या चवल्या, काही पावल्या (चार आण्यांच्या), तीन रुपये आणि तळाशी चिकटलेली हळद. सोनं नव्हतंच. पण दुसऱ्या महायुद्धाचा हिशेब मात्र जवळजवळ पूर्ण होता.

माझी नोकरी गेली वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपात, क्वालिटीच्या टेबलावर. हातात व्हर्नियर, खिशात चुंबक. त्यामुळे नाण्याकडे बघायची माझी रीत नाणेसंग्राहकांपेक्षा थोडी उलटी आहे. ते आधी साल बघतात, मग दुर्मिळपणा. मी आधी धातू बघतो. युद्धकाळातल्या नाण्यांना हीच रीत लागू पडते असं माझं मत आहे, कारण त्या वर्षांत नाणं कशाचं पाडायचं हे टाकसाळीच्या हातात फारसं उरलंच नव्हतं. निकेल चिलखती पोलादाला हवं होतं, तांबं काडतुसांच्या नळ्यांना, ॲल्युमिनियम विमानांना. लष्कराने उचलून जे उरलं त्यातून सुटे पैसे काढायचे होते.

तुमच्याकडेही असा एखादा डबा असेल तर पुढे दिलेल्या क्रमाने जा.

आधी साहित्य

दागिन्यांचा छोटा डिजिटल काटा घ्या, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे बिनकामाचा. एक छोटं पण जोरदार निओडिमियम चुंबक, साधा व्हर्नियर, दहापट दाखवणारं भिंग, काचेचा पेला, शिवणाचा दोरा आणि पुसायला मऊ सुती फडकं. स्टेशनबाहेरच्या हार्डवेअरच्या दुकानांत आणि जांभळी नाक्याच्या बाजारात यातलं बहुतेक सगळं मिळतं. पातळ हातमोजे मिळाले तर उत्तम, नाहीतर हात धुऊन कोरडे करा आणि नाणं कडेला धरा.

पायरी १: डबा ओता, पण काही घासू नका

ही पायरी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त लोक हीच चुकतात. मीही चुकलो. वीसेक वर्षांपूर्वी मला १९४३ चा अमेरिकन स्टीलचा सेंट मिळाला होता, करडा, मळलेला. देवाची भांडी लख्ख होतात म्हणून मी तो चिंचेच्या कोळात टाकला आणि अंगठ्याने चोळला. पाच मिनिटांत बुडबुडे आले, नाणं उजळल्यासारखं वाटलं. मी खूश. पण चिंचेतल्या आम्लाने वरचा जस्ताचा मुलामा खाल्ला होता. जुलै उजाडला तसे लिंकनच्या गालावर तांबूस ठिपके आले, आणि गणपतीपर्यंत तो गाल खडबडीत झाला. ते नाणं मी अजून ठेवलंय, कुणाला घासायची हुक्की आली की दाखवायला.

तेव्हा चिंच नाही, लिंबू नाही, भांड्यांची पावडर नाही, टूथपेस्टही नाही. हळद, माती, तेलकटपणा असेल तर तांब्या-पितळेची आणि चांदीची नाणी साध्या पाण्यात भिजवून फडक्याने टिपा. टिपा म्हणजे टिपाच, घासू नका. जस्त आणि लोखंड यांना तर पाणीही शक्यतो दाखवू नका.

मग ढीग करा. भोकाचे एकीकडे, पिवळे एकीकडे, पांढरे एकीकडे. परदेशी वेगळे.

पायरी २: चुंबक

पांढऱ्या ढिगापासून सुरुवात करा. चुंबक नाण्यावर आपटू नका, जवळ न्या.

काकूंच्या तीन रुपयांपैकी एक टपकन उडून चिकटला. काकू दचकल्या. "अगंबाई, लोखंडाचा?" लोखंडाचा नव्हे, शुद्ध निकेलचा. १९४७ चा, मागे चालता वाघ असलेला. निकेलही चुंबकाला धरतं हे पुष्कळांना माहीत नसतं. १९४६-४७ ची वाघाची पावली आणि अधेलीही (आठ आणे) अशीच चिकटते. गंमत अशी की निकेल तांब्यात मिसळलं की हा गुण जातो. म्हणून पंचाहत्तर टक्के तांबं आणि पंचवीस टक्के निकेल असलेली पांढरी चवली, आणेली चिकटत नाही. पिवळी तर मुळीच नाही.

परदेशी ढिगात १९४३ चा अमेरिकन सेंट चिकटेल, कॅनडाचे १९४४-४५ चे क्रोम चढवलेले पाच सेंट चिकटतील. जस्ताची जर्मन आणि फ्रेंच नाणी चिकटणार नाहीत. हलकी, राखाडी आणि बद्द आवाजाची म्हणजे जस्ताची. अगदीच फूल, घरातल्या हलक्या पातेल्याच्या झाकणासारखी वाटली तर ॲल्युमिनियमची. इटलीची ॲक्मोनिटल नावाची स्टेनलेस स्टीलची नाणी मात्र फसवतात, एकाच छापाची काही चिकटतात आणि काही नाही. तिथे चुंबकाच्या उत्तरावर विसंबू नका.

पायरी ३: वजन, व्यास आणि कान

आता काटा. जुन्या मापांचा पाया ग्रेन या इंग्रजी वजनात होता, म्हणून आकडे विचित्र दिसतात, पण पाठ करायला सोपे आहेत. चांदीचा किंवा निकेलचा रुपया ११.६६ ग्रॅम, अधेली ५.८३, पावली २.९२. चवली ५.८३, आणेली ३.८९, अर्धा आणा २.९२. न झिजलेल्या नाण्याचं वजन याच्या आसपास हवं. झिजलेलं थोडं कमी भरेल. जास्त भरलं तर मात्र भुवई उंचवा, कारण वापराने नाणं कधी जड होत नाही.

व्यासही घ्या. चांदीचा रुपया साधारण ३०.५ मिमी, निकेलचा २८. वजन तेच आणि माप लहान, म्हणून निकेलचा रुपया हाताला जाड लागतो.

भोकाचा पैसा सुमारे २ ग्रॅम भरतो. त्याआधीचा भरीव पैसा, म्हणजे पाव आणा, ४.८६ ग्रॅमचा आणि एक इंच व्यासाचा होता. १९४३ मध्ये सरकारने नाणं लहान केलं आणि वर मधलं तांबंही काढून घेतलं. जुन्या एका पैशाच्या धातूत नवे दोन पाडून वर चिमूटभर उरायचं. लोकांनी त्या भोकाचं काय केलं ते वेगळं सांगायला नको. कुणी पोरांच्या करदोट्यात ओवला, कुणी वॉशर म्हणून ठोकला. माझ्याकडचा एक तर लाकडी दिवाणाच्या बोल्टाखालून निघालाय, त्याच्या एका बाजूला अजून पान्याचे ओरखडे आहेत.

कानाची परीक्षाही जुनीच. लाकडी पाटावर बोटभर उंचीवरून नाणं टाका. चांदी खणखणते आणि आवाज लांबतो. शिशाचं खोटं नाणं बद्द वाजतं. पण जस्तही बद्दच वाजतं, आणि ते खरं असतं. भोकाच्या नाण्याला आणि तडा गेलेल्याला ही परीक्षा लावू नका.

पायरी ४: पाण्यातलं वजन

खरी मजा इथे आहे. चांदीचे दोन रुपये शेजारी ठेवले, एक १९१८ चा आणि एक १९४२ चा. वजन तेच, माप तेच, दोन्ही पांढरे. तरी पहिल्यात ९१.७ टक्के चांदी आणि दुसऱ्यात निम्मीच. १९४० पासून रुपया चार धातूंचा झाला: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. वरून ओळखायला एक खूण आहे, झिजलेल्या उंचवट्यांवर पिवळसर झाक येते. पण खात्री करायची तर पाणी.

कृती अशी. पेल्यात तीन बोटं पाणी घ्या, पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. नाण्याला दोऱ्याचा फास घाला आणि ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा भिंतीला टेकणार नाही असं हातात धरा. हात हलत असेल तर दोरा एका आडव्या पट्टीला बांधा. नाण्याला चिकटलेले बुडबुडे दोऱ्याला टिचकी मारून सोडवा. आता काटा जो आकडा दाखवतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. नाण्याचं कोरडं वजन भागिले हा आकडा, म्हणजे धातूची घनता.

जुन्या चांदीच्या रुपयाला काटा साधारण १.१३ दाखवेल, घनता १०.३ च्या आसपास. चार धातूंच्या रुपयाला १.२२, घनता साडेनऊ. निकेलच्या रुपयाला १.३१, घनता ८.९. तीन वेळा करा आणि मधला आकडा घ्या. पहिल्यांदा करताना माझा आकडा दर वेळी वेगळा यायचा, मग लक्षात आलं की पंखा चालू होता.

पावलीला हा फरक ०.२८ आणि ०.३१ इतका बारीक होतो, म्हणजे घरच्या काट्याच्या चुकीएवढाच. उपाय सोपा आहे. एकाच सालाच्या चार पावल्या एका दोऱ्यात बांधा, एकदम मोजा.

काकूंची पिवळी चवली मी त्यांच्यासमोर बुडवली. काटा ०.६८. सोन्याची असती तर त्याच मापात तिचं वजन दुपटीहून जास्त भरलं असतं, हे सांगितल्यावर काकूंना पटलं, पण चेहरा पडलाच.

माती, फायबर, जस्त आणि लोखंड यांची नाणी या पेल्यात घालू नका. त्यांना चुंबक आणि व्हर्नियर पुरे.

गोखले रोडवर किंवा राम मारुती रोडवर एखाद्या ओळखीच्या सराफाकडे कॅरेटमीटर असतो. क्ष-किरणांनी धातूची टक्केवारी सांगणारं ते यंत्र आहे, काही ओरखडावं लागत नाही. पण ते फक्त पृष्ठभाग वाचतं हे विसरू नका. स्टीलच्या सेंटवर ते जस्त भरपूर दाखवेल. चार धातूंच्या रुपयावर चांदी निम्म्याहून जास्त दाखवू शकतं, कारण नाणं पाडण्याआधी कोरी चकती आम्लात उजळताना वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि चांदी उरते. सराफ "साठ टक्के" म्हणाला म्हणून नाणं वेगळं ठरत नाही. पाण्याचा आकडा संपूर्ण नाण्याचा असतो, माझा विश्वास त्यावर जास्त.

पायरी ५: आता साल आणि टाकसाळ वाचा

धातू कळला की सालाला अर्थ येतो. भिंग घ्या.

चवली आणि आणेली १९४१ पर्यंत पांढरी, १९४२ ते १९४५ पिवळी, १९४६-४७ ला परत पांढरी. पिवळ्या मिश्रधातूत ७९ टक्के तांबं, २० टक्के जस्त आणि फक्त एक टक्का निकेल. पंचवीस टक्क्यांवरचं निकेल एकावर आणलं, उरलेलं युद्धाला गेलं. वजन, माप, कंगोरे तेच ठेवले, म्हणून अंधारात हाताला फरक कळायचा नाही. काकूंच्या सासूबाईंना तो रंग सोन्याचा वाटला यात नवल नाही.

टाकसाळीची खूण सालाच्या आसपास शोधा. खूण नसेल तर कलकत्ता. ठिपका किंवा पत्त्यांतल्यासारखी बारीक चौकट असेल तर मुंबई, म्हणजे आपली फोर्टातली टाकसाळ. इंग्रजी एल अक्षर असेल तर लाहोर. लाहोरची टाकसाळ १९४३ मध्ये सुरू झाली, कारण सैन्याच्या पगारांनी आणि युद्धखरेदीने सुट्या पैशांची भूक इतकी वाढली की दोन टाकसाळी पुरेनात. ठाण्यातल्या डब्यांत मुंबईची खूण जास्त सापडावी हे स्वाभाविक आहे, तरी काकूंच्या अकरापैकी दोन पैसे लाहोरचे निघाले. कसे आले कोण जाणे.

रुपयाची कडही पाहा. चार धातूंच्या रुपयाबरोबर सुरक्षा कड आली: दात्यांच्या मधोमध फिरवलेली खाच आणि तिच्यात नक्षी. चांदी निम्म्यावर आणल्यावर खोटं नाणं पाडणाऱ्यांचं फावणार, हे सरकारला ठाऊक होतं.

ते ठाऊक असायला कारण होतं, कारण एकदा हात पोळले होते. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी महागली आणि आटली की ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट काढावी लागली. पाठोपाठ १९१८ मध्ये अडीच रुपयांची. त्याच सुमाराला चवली, पावली आणि अधेली तांबं-निकेलच्या पाडल्या. १९१९ ची तांबं-निकेलची अधेली हा माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यात बोलका प्रयोग आहे, आणि फसलेला. आठ आण्यांचं नाणं आणि आत काही पैशांचा धातू, मग नकली पाडणाऱ्यांना आणखी काय हवं? बाजारात खोट्या अधेल्या सुळसुळल्या आणि सरकारला ती मागे घ्यावी लागली. डब्यात पांढरी, मोठी, १९१९ किंवा १९२० ची अधेली निघाली तर घाईने खरी मानू नका. तिच्या काळातली नकलीही आज शंभर वर्षांची झाली आहे, आणि मी तर नकलीही फेकून देणार नाही.

दुसऱ्या युद्धात सरकारने दोर आधीच आवळला. लोक चांदीचे रुपये गाडून ठेवायला लागले तेव्हा १९४० मध्ये एक रुपयाची नोट पुन्हा आली, १९४३ मध्ये दोन रुपयांची. जुने जास्त चांदीचे रुपये १९४१ ते १९४३ मध्ये टप्प्याटप्प्याने चलनातून काढले. तरीही चांदी पुरेना, म्हणून १९४४ मध्ये अमेरिकेकडून सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी उसनी घेतली. ती परत द्यायची होती. काकूंचा वाघाचा निकेलचा रुपया त्या उसनवारीचाच परिणाम. नाण्यातली चांदी काढून घेऊन परतफेडीसाठी साठवायची, तर लोकांच्या हातात दुसरं काहीतरी द्यावं लागणार.

पायरी ६: परदेशी ढीग

इथे थोडक्यात, कारण यातलं बरंच तुम्हाला विकत घ्यावं लागेल.

१९४३ चा अमेरिकन सेंट स्टीलवर जस्त चढवलेला, २.७ ग्रॅम. एका वर्षात शंभर कोटींहून जास्त पाडले, म्हणून स्वस्त मिळतो. लोक त्याला डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, समजायचे, शिवाय गंजायचा, म्हणून १९४४ ला तांब्यावर परत गेले. याच वर्षाचे मोजकेच सेंट चुकून ब्राँझच्या चकत्यांवर पडले आणि ते लाखमोलाचे आहेत. त्यामुळे बाजारात तांब्याचा मुलामा दिलेले स्टीलचे सेंट फिरतात. चुंबक लावा, चिकटला की विषय संपला. नाही चिकटला तर भिंगाने सालातला ३ पाहा. १९४८ मधल्या ८ ची डावी बाजू तासून त्याचा ३ करतात, आणि तासलेल्या ठिकाणी धातूची चमक वेगळी दिसते.

अमेरिकेचं १९४२ ते १९४५ चं पाच सेंटचं नाणं, ज्याला ते निकेल म्हणतात, त्यात निकेल अजिबात नव्हतं: ५६ टक्के तांबं, ३५ टक्के चांदी, ९ टक्के मँगनीज. नाण्याच्या मागच्या बाजूला इमारतीच्या वर टाकसाळीचं मोठं अक्षर आहे, ते युद्धानंतर ही नाणी वेचून परत घेता यावीत म्हणून.

कॅनडाने १९४२ मध्ये पाच सेंट टोंबॅकचे केले, ८८ टक्के तांबं आणि १२ टक्के जस्त. रंग सेंटसारखा होऊन गोंधळ होईल म्हणून नाणं बाराकोनी केलं. १९४३ ते १९४५ च्या छापात कडेने मोर्स संकेतात एक वाक्य आहे, मन लावून काम केलं की आपण जिंकतो अशा अर्थाचं. भिंगाखाली तारायंत्राचे ठिपके आणि रेघा मोजायला मला अजूनही मजा येते.

माझं लाडकं मात्र बेल्जियमचं १९४४ चं दोन फ्रँक. अमेरिकेला नको झालेल्या स्टीलच्या सेंटच्या चकत्या उरल्या होत्या. त्यांवर फिलाडेल्फियात बेल्जियमसाठी अडीच कोटी नाणी पाडली. वर्कशॉपात उरलेल्या पट्टीतून दुसऱ्या गिऱ्हाइकाचे वॉशर काढणारा माणूस हे लगेच समजेल. १९४३ चा सेंट आणि हे दोन फ्रँक शेजारी ठेवा: तोच व्यास, तेच वजन.

पायरी ७: प्रयोगाची नाणी, जी आपल्याला मिळणार नाहीत

संग्रह करणाऱ्यांची खरी भूक इथे असते आणि फसवणूकही इथेच जास्त होते.

१९४२ मध्ये अमेरिकन टाकसाळीने सेंटसाठी प्लास्टिकचे नाना प्रकार आणि काचसुद्धा अजमावून पाहिली. टेनेसी राज्यातल्या ब्लू रिज ग्लास कंपनीने काचेचे नमुने काढले. त्यातला एक अखंड तुकडा २०१७ च्या लिलावात ७०,५०० डॉलरला गेला. या चाचण्यांना सेंटचा खरा छाप वापरला नव्हता. लिंकनऐवजी एका बाईचा मुखवटा होता, कोलंबियाच्या नाण्यावरून घेतलेला. तेव्हा कुणी तुम्हाला लिंकन असलेला प्लास्टिकचा "१९४२ चा प्रायोगिक सेंट" दाखवला तर हसून परत करा, ते खेळणं आहे.

जपानची उतरण तर हातात धरून बघण्यासारखी. ॲल्युमिनियमचा एक सेन १९४१ ला ०.६५ ग्रॅम होता, १९४३ ला ०.५५. विमानांनी धातू ओढला तसं नाणं पातळ झालं. १९४४ ला कथील आणि जस्त. १९४५ ला तेही संपलं, तेव्हा क्योटो, सेतो आणि आरिता इथल्या भट्ट्यांत भाजलेल्या मातीची नाणी करायला घेतली. लाखोंनी झाली, पण चलनात येण्याआधीच युद्ध संपलं आणि बहुतेक फोडून टाकली. मांचुकुओमध्ये, म्हणजे जपानने ईशान्य चीनमध्ये उभ्या केलेल्या बाहुल्या राज्यात, मात्र लाल-तपकिरी फायबरची फेन नावाची नाणी खरोखर चालली. ती अधूनमधून विक्रीला येतात. त्यांची कड भिंगाखाली दाबलेल्या पुठ्ठ्यासारखी थरांची दिसायला हवी.

मातीचं नाणं कुणी विकत असेल तर ते आधी कुणाकडे होतं हे विचारा. कागद नसेल तर पैसे देऊ नका. यात काटा आणि चुंबक काही मदत करत नाहीत, आणि जिथे माझी हत्यारं चालत नाहीत तिथे मी पाकीट उघडत नाही.

खरेदी, विक्री आणि फसवणूक

भोकाचा पैसा आणि पिवळी आणेली वडापावच्या भावात मिळतात. त्यामुळे "भोकाचा पैसा द्या, पाच लाख घ्या" असा व्हिडिओ दिसला की समजून जा. पुढे "नोंदणी शुल्क", मग "कर", मग "रिझर्व्ह बँकेची परवानगी" अशा नावांनी तुमच्याकडूनच पैसे काढतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की ती अशा व्यवहारात नाही आणि शुल्कही घेत नाही. आमच्याच मजल्यावरच्या एकाने तरी साडेतीन हजार भरले.

घेताना साल, टाकसाळ आणि धातू असलेलं बिल मागा. शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्याने पुरातन वस्तूत मोडतं आणि परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे १९१९ ची अधेली परदेशातल्या भाच्याला पोस्टाने धाडायची नाही. पुनर्विकासाच्या खोदाईत गाडलेलं काही सापडलं तर ते घरातल्या डब्यासारखं तुमचं होत नाही, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

विकत घेण्याआधी एकदा फोर्टला जाऊन रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय बघून या. ठाण्याहून जलद लोकल पकडली की सीएसएमटीहून चालत अंतरावर आहे.

ठाण्याच्या पावसात जपणूक

खाडीची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, यात जस्त आणि लोखंड सगळ्यात आधी मरतात. जस्तावर पांढरी भुकटी येते, तिथून धातू पोखरत जातो. स्टीलला गंज. तांब्या-पितळेवर हिरवं येतं, आणि ते पुष्कळदा हवेमुळे नाही तर पाकिटामुळे. मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं पीव्हीसीची असतात, त्यातून चिकट हिरवट स्राव नाण्यावर उतरतो. मायलरची कडक पाकिटं किंवा पुठ्ठ्याच्या चौकटी घ्या.

सगळी नाणी घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. मेच्या शेवटी पुड्या बदला आणि पाऊस संपल्यावर एकदा डबा उघडून बघा. लोखंडी कपाटातला खालचा कप्पा नको. जस्त, स्टील आणि चांदी एकमेकांना लागून ठेवू नका.

शेवटचं काम म्हणजे पाकिटावर लिहिणं, आणि ते पेन्सिलने. नाणं, साल, टाकसाळ, कोरडं वजन, पाण्यातला आकडा, चुंबक, आणि कुठून मिळालं. शेवटची ओळ कुणी लिहीत नाही, आणि दहा वर्षांनी तीच आठवत नाही.

काकूंची सगळी पाकिटं मी लिहून दिली. एक सांगतो: "चवली, १९४३, मुंबई. ५.७९ ग्रॅम. पाण्यात ०.६८. चुंबक नाही. नौपाडा, सासूबाईंचा हळदीचा डबा." काकूंनी ते दोनदा वाचलं, मग पेन्सिल मागून घेतली आणि खाली सासूबाईंचं नाव घातलं.